घरी जुळविलेला संगणक सकाळी कोणाची वाट पाहतो?

नाशकातल्या कॉलेज रोडवरील एका दुकानातून प्रोसेसर घ्यावा, दुसरीकडून मदरबोर्ड, कॅबिनेट आणखी कोठे स्वस्त मिळाले म्हणून तेथून, उरलेले सुटे भाग घरबसल्या मागवावेत, रविवारच्या निवांत दुपारी सतरंजीवर मांड ठोकून ते सारे स्वहस्ते जुळवावेत, आणि इतका खटाटोप व इतका पैसा खर्ची घालून सिद्ध झालेल्या यंत्राने बटण दाबल्यावर पाऊण मिनिट नुसत्या काळ्या पडद्याचे दर्शन घडवावे, ही तक्रार अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकू येते. त्यातील कोडे असे की, एकदा सुरू झाले म्हणजे हेच यंत्र चित्रफितींच्या संपादनात किंवा अवजड खेळांत शेजाऱ्याच्या तयार लॅपटॉपला सहज मागे टाकते. परंतु तो निम्म्या किमतीचा लॅपटॉप मात्र बटण दाबल्यापासून दहा-पंधरा सेकंदांत कामाला लागलेला असतो.

सुटे भाग नाशकात सहजी मिळत नसत, त्या काळी हौशी मंडळी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून दादरला उतरत, लोकलने ग्रँट रोड गाठत आणि लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे दप्तरी नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, मदरबोर्ड व रॅम पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने परतत. त्या वेळच्या ‘असेंबल’ संगणकालाही सुरू होण्यास वेळ लागेच. फरक इतकाच की, रॅमची मोजणी पडद्यावर आकड्यांनी धावताना दिसे, कोणती डिस्क सापडली आणि कोणती नाही हे अक्षरांत उमटे, आणि यंत्र कोणत्या कामात गुंतले आहे याचा अंदाज घरातल्या शाळकरी मुलालाही येई. आजची यंत्रे हा सारा व्यवहार निर्मात्याच्या झळझळीत बोधचिन्हामागे उरकतात; त्यामुळे विलंब दिसतो, कारण दिसत नाही, आणि कारण दिसत नाही म्हणून दोन ठरावीक सल्ले कोणाकडूनही मिळतात : ‘फॉरमॅट मारा’ आणि ‘रॅम वाढवा’. हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा गैरलागू का ठरतात, ते उमगण्यासाठी संगणकाची सकाळ कशी उजाडते हे क्रमाने पाहिले पाहिजे.

कचेरी उघडण्याचा क्रम

तालुक्याच्या कचेरीची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. प्रथम शिपाई कुलूप काढतो. मग हजेरीपत्रकावर प्रत्येक कारकुनाची हजेरी लागते. त्यानंतर दप्तरखान्यातून त्या दिवसाची दप्तरे मेजावर येतात. आणि हे सर्व झाल्यावर अर्जदारांना आत सोडले जाते. संगणकाच्या आरंभाचा क्रम अगदी हाच आहे. मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्ये साठवून ठेवलेला जो कार्यक्रम प्रथम जागा होतो, त्याला जुन्या पिढीत बायोस म्हणत. त्याची जागा आता यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीने घेतली आहे, तरी लोकांच्या तोंडी बायोस हेच नाव राहिले आहे आणि या लेखातही तेच ठेवले आहे. बायोस प्रथम प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, डिस्का, कळफलक यांची हजेरी घेतो. मग डिस्कवरून विंडोज उचलून रॅममध्ये आणतो. आणि विंडोज स्थिरस्थावर झाली की, आपण वेळोवेळी बसविलेले निरनिराळे प्रोग्रॅम दारात गर्दी करतात.

लॅपटॉपच्या कारखानदाराला आपल्या कचेरीतील सारे कर्मचारी नावानिशी ठाऊक असतात. कोणती रॅम, कोणती डिस्क, कोणता पडदा हे त्यानेच ठरविलेले असल्यामुळे हजेरीचा बराच भाग तो गृहीत धरू शकतो. घरी जुळविलेल्या यंत्राच्या बायोसला अशी मुभा नाही. कोणत्या खोबणीत आज कोण बसले आहे, काल बसलेला इसम आजही तोच आहे काय, हे त्याला विचारावे लागते. आणि एखाद्याने उत्तर दिले नाही तर ठरावीक मुदत संपेपर्यंत त्याच्यासाठी खोळंबून राहावे लागते. या मुदतीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सुरू होण्यास वेळ लावणारा संगणक त्या काळात बहुधा कष्ट करीत नसतो, तो कोणाची तरी वाट पाहत असतो; त्या कोणाला तरी हुडकून काढणे, एवढीच या दुरुस्तीची मुख्य कामगिरी.

हत्यारांपूर्वी घड्याळ

म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याच्या आधी घड्याळ घ्यावे. बटण दाबल्यापासून बोधचिन्ह उमटेपर्यंत किती सेकंद, बोधचिन्हापासून विंडोजचे पान दिसेपर्यंत किती, आणि तेथून प्रत्यक्ष काम करता येईपर्यंत किती, असे तीन आकडे कागदावर लिहावेत. पहिल्या भागाची मोजदाद विंडोज स्वतःही ठेवते : टास्क मॅनेजर उघडून ‘स्टार्टअप ॲप्स’ या पानावर गेले असता, यूईएफआय पद्धतीने चालणाऱ्या यंत्रात वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ या शीर्षकाखाली सेकंदांचा आकडा दिसतो. त्याच्यापुढची हकीकत ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ या सदराखाली १०० क्रमांकाच्या नोंदीत मिलिसेकंदांच्या हिशेबाने लिहिलेली असते. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘सिस्टिमडी-ॲनालाइझ’ हा एकच हुकूम सर्व टप्प्यांचा ताळेबंद देतो, आणि त्याच्यापुढे ‘ब्लेम’ हा शब्द जोडला तर दिरंगाई करणाऱ्यांची यादीही उतरत्या क्रमाने हाती ठेवतो.

| चौकट : अडले कोठे? |
|---|
| बोधचिन्हापूर्वीच काळा पडदा : वीजपुरवठा, रॅमची जुळणी किंवा ग्राफिक्स कार्ड. पुष्कळ बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. कोणता दिवा रेंगाळतो ते पाहावे. |
| बोधचिन्ह दिसते, ठिपके फिरत नाहीत : डिस्क, यूएसबीला जोडलेली वस्तू किंवा नेटवर्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न. |
| ठिपके फिरतच राहतात : विंडोज, ड्रायव्हर किंवा डिस्कचे आरोग्य. |
| डेस्कटॉप आला, पण माऊस अडखळतो : आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, किंवा विंडोज अद्याप हार्ड डिस्कवर आहे. |

रॅमचे शिक्षण

काळ्या पडद्याचा जो पहिला टप्पा, त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत आणि सर्वाधिक घबराटही. डीडीआर-५ जातीची रॅम बसवून पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटे पडद्यावर काहीच येत नाही, पंखे मात्र फिरत राहतात, आणि नवा बोर्ड जळाला अशी समजूत करून घेऊन लोक वीज बंद करतात. त्यामुळे अर्ध्यावर आलेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे काम म्हणजे रॅमची जुळणी. इंग्रजीत त्याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात आणि आपल्याकडील दुकानांतही तोच शब्द रूढ आहे.

६००० या अंकाने विकली जाणारी डीडीआर-५ रॅम प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी वेळा संकेत पाठवू शकते. म्हणजे एका संकेताच्या वाट्याला जो कालावधी येतो, तेवढ्यात प्रत्यक्ष प्रकाशकिरणही पाच सेंटिमीटरच जाऊ शकतो. बोर्डावरील तांब्याच्या वाटेने जाणारा संकेत तर त्याच्या निम्माच पल्ला गाठतो. प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाणाऱ्या अनेक तारांपैकी एखादी केसभर लांब असली, खोबणीतील स्पर्श किंचित निराळा असला, तरी संकेत इतरांच्या मागे-पुढे पोहोचतो आणि वाचनात चूक होते. म्हणून प्रोसेसरमधील रॅम-नियंत्रक प्रत्येक तारेवरून नमुन्याचे संकेत पाठवून पाहतो, विलंबाचे माप थोडे पुढे, थोडे मागे सरकवितो, आणि जेथे वाचन निर्धोक होते त्या मधल्या जागी ते माप कायम करतो. दोनऐवजी चार पट्ट्या बसविल्या, पट्ट्यांची क्षमता वाढविली किंवा वेगाचा अंक चढविला, तर हे काम लांबते. ‘रॅम वाढवा’ हा सल्ला येथे उलटा पडतो, तो असा.

एएमडीचा एएम-५ हा सॉकेट २०२२ सालच्या सप्टेंबरात बाजारात आला, तेव्हा त्याचे आरंभीचे बायोस ही जुळणी फार रेंगाळत करीत, आणि कित्येक बोर्ड ती दर वेळी नव्याने करीत. नंतरच्या बायोसांनी हा वेळ पुष्कळ कमी केला. यास्तव अशा यंत्रात प्रथम बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा बायोस आणून चढवावा, आणि चढविताना वीज जाणार नाही याची तजवीज करावी. पावसाळ्यात तर यूपीएसवाचून हे धाडस करूच नये. त्यानंतर बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय शोधावा. तो चालू केला म्हणजे बोर्ड मागील जुळणीची मापे जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वापरतो. मात्र तो चालू केल्यानंतर यंत्र मध्येच निळ्या पडद्यावर जाऊ लागले, तर पर्याय मुकाट्याने बंद करून उशीर पत्करावा. सकाळचे अर्धे मिनिट वाचविण्यासाठी दिवसभराचे काम पणाला लावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

बोर्ड स्वतःच बंद होऊन दोन-तीनदा पुन्हा सुरू होत असेल, तर जुळणी फसत आहे असे समजावे. अशा वेळी वेगाचा एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय तात्पुरता बंद करावा, वीज काढून पट्ट्या नीट बसल्या आहेत काय ते पाहावे, आणि एकेक पट्टी लावून यंत्र सुरू करून पाहावे. आपल्याकडे पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची प्रथा पडली आहे. तिचा गुण येतो हे खरे. परंतु खरखरीत रबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खोबणीत जातो, म्हणून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड बरे.

लहानसहान खोळंबे

रॅम निर्दोष ठरल्यावर बायोसच्या हजेरीतील बाकीच्या मंडळींकडे वळावे. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर, प्रिंटर अशा सर्व यूएसबी वस्तू काढून, केवळ कळफलक, माऊस आणि पडदा ठेवून यंत्र सुरू करावे. वेळ घटला तर एकेक वस्तू परत लावीत दोषी ठरवावा. बायोसमध्ये नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय चालू राहिली असेल, तर तारेच्या दुसऱ्या टोकाकडून कधीच न येणाऱ्या उत्तरासाठी यंत्र थांबते. ती सोय घरी निरुपयोगी आहे. काही बोर्डांत, लोकांना बायोसची कळ दाबण्यास अवधी मिळावा म्हणून, बोधचिन्ह मुद्दाम काही सेकंद रोखून धरण्याचा ‘पोस्ट डिले’ नावाचा आकडा असतो. तो शून्य करता येतो. ‘फास्ट बूट’ हा पर्याय चालू केल्याने हजेरीतील काही नावे गाळली जातात. परंतु त्याची सर्वांत कडक पायरी निवडल्यास कळफलकही वेळेवर जागा होत नाही आणि बायोसमध्ये शिरण्याचा दरवाजा बंद झाल्यासारखे वाटते. तसे झाल्यास विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ‘रिस्टार्ट’ निवडावे, तेथून आत जाता येते.

बोर्डावरील नाण्याएवढा सीआर-२०३२ जातीचा, तीन व्होल्टचा सेलही या यादीत येतो. रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय आपल्या घरांतून इतकी रुजली आहे की, बोर्डाच्या घड्याळाला बाहेरची वीज रात्रभर मिळतच नाही आणि सारा भार या सेलवर पडून तो लवकर संपतो. तारीख मागे जाऊ लागली, किंवा दर वेळी एफ-१ दाबण्याची सूचना येऊ लागली, की सेल बदलावा. बायोसमध्ये केलेल्या सुधारणा पुसल्या जाऊन यंत्र पुन्हा पहिल्यासारखे मंद होण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

जुन्या हार्ड डिस्कची बाब

घरी जुळविलेल्या संगणकाच्या इतिहासात जुन्या हार्ड डिस्कला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल. नवा बोर्ड येतो, नवी एनव्हीएमई डिस्क येते, विंडोज तिच्यावर बसविली जाते. परंतु मुंजीचे, लग्नाचे आणि सिंहस्थाच्या गर्दीत काढलेले फोटो जुन्या तबकडीवर आहेत म्हणून तीही त्याच पेटीत बसविली जाते. येथे पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट घडते. विंडोज बसविताना दोन्ही डिस्का जोडलेल्या असतील आणि जुन्या डिस्कवर आरंभाची नोंद ठेवणारा लहानसा भाग आधीच असेल, तर नवी विंडोज आपली आरंभाची नोंद त्याच जुन्या भागात करून मोकळी होते. म्हणजे दप्तर नव्या इमारतीत आणि दप्तरखान्याची किल्ली जुन्या वाड्यात, अशी व्यवस्था होऊन बसते. जुनी तबकडी फिरून वेगात यायला आठ-दहा सेकंदही लागू शकतात. तोवर अतिवेगवान एनव्हीएमई स्वस्थ बसून राहते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ हे शब्द कोणत्या डिस्कपुढे आहेत ते पाहावे. ते जुन्या डिस्कपुढे असतील आणि नव्या डिस्कपुढे नसतील, तर शंका फिटली. जाणकारास ‘बीसीडीबूट’ या हुकुमाने ही नोंद नव्या डिस्कवर करता येते. इतरांनी जुन्या डिस्कची तार काढून ठेवून विंडोज नव्याने बसवावी, हे सोपे. या एका प्रसंगी फॉरमॅटचा सल्ला मला मान्य आहे.

विंडोजच जर हार्ड डिस्कवर असेल तर हिशेब निराळा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरीने त्याच्या निम्मे, आणि सुईचा दांडा सरकण्यास आणखी आठ-नऊ, असे मिळून प्रत्येक नव्या जागेसाठी बारा-तेरा मिलिसेकंद खर्ची पडतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली निरनिराळ्या जागांवरून उचलाव्या लागतात. समजा अशा दहा हजार जागा झाल्या, तर नुसत्या शोधण्यातच दोन मिनिटे गेली. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे प्रत्येक जागेस मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो, आणि तेच काम सेकंदभरात होते. जुन्या यंत्रास नवजीवन देणारा याहून स्वस्त खर्च मला माहीत नाही.

डिस्क आजारी आहे की काय हेही पाहून घ्यावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम ती वाचून दाखवितो. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ पुढील अंक शून्याहून अधिक असेल, तर डिस्क काही जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत आहे आणि एकेका जागेवर कित्येक सेकंद घालवीत आहे असे समजावे. अन्य कोणताही उपाय करण्याआधी तिच्यावरील मजकुराची नक्कल करावी. ‘सीआरसी एरर’चा अंक वाढत असेल तर मात्र डिस्क निर्दोष असून सॅटाची तार सैल किंवा खराब असल्याचा संभव अधिक, ती थोड्या पैशांत बदलते.

बंद करणे आणि रिस्टार्ट करणे

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शटडाउन’चा अर्थ गुपचूप बदलला. उघडे प्रोग्रॅम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची तत्कालीन स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी उचलली जाते. यास ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात. ‘रिस्टार्ट’ मात्र सर्व काही खरोखर पुसून नव्याने आरंभ करते, म्हणून त्यास अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. उलट प्रकार दिसला, म्हणजे रिस्टार्ट लवकर आणि सकाळचा आरंभ उशिरा, तर लिहून ठेवलेली ही स्थितीच एखाद्या ड्रायव्हरला मानवत नसावी. फास्ट स्टार्टअप बंद करून चार दिवस पाहावे. पडदा काळा झाला की पंखे थांबण्याची वाट न पाहता भिंतीवरचे बटण दाबणाऱ्यांच्या घरी ही नोंद अपुरी राहते, आणि विंडोजला सकाळी डिस्कची तपासणी करीत बसावे लागते.

शेवटी दारातील अर्जदार. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचा भार ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा लिहिलेला असतो. गेम विकणारे, प्रिंटरची शाई मोजणारे, दिव्यांचे रंग बदलणारे असे बहुतेक सर्व येथून खुशाल बंद करावेत. ते बंद केल्याने प्रोग्रॅम नाहीसे होत नाहीत, हवे तेव्हा उघडता येतात. दोन अँटिव्हायरस एका घरात नांदवू नयेत.

फॉरमॅटविषयी

वरील विवेचनावरून ध्यानात येईल की, फॉरमॅट केल्याने फक्त डिस्कवरील विंडोज नवी होते. बायोसची हजेरी, रॅमची जुळणी, सैल तार, संपलेला सेल आणि मरणपंथास लागलेली तबकडी ही जेथल्या तेथे राहतात. ज्याचे पहिले दोन आकडे मोठे आहेत त्याने फॉरमॅटसाठी पैसे देणे व्यर्थ होय. ज्याचा केवळ तिसरा आकडा मोठा आहे त्यानेही आधी स्टार्टअपची यादी छाटावी. आणि उपाय कोणताही असो, एका वेळी एकच करून पुन्हा घड्याळ लावावे; पाच बदल एकदम करणाऱ्यास गुण कशाने आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पाचही करावे लागतात. वीजपुरवठ्याची एसएमपीएस पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही तिच्यातील संधारकांत घातक दाबाची वीज काही काळ शिल्लक असते.

इतके सर्व करूनही डीडीआर-५ च्या यंत्राने बोधचिन्ह दाखविण्यास वीस-पंचवीस सेकंद घेतले, मधूनच बंद पडण्याची खोड त्यास नसली आणि पुढचे काम सुरळीत चालले, तर तो त्या यंत्राचा स्वभाव समजावा. त्यासाठी दुकानाची पायरी चढण्याचे कारण नाही.